बारा फडकी

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की मला काकू म्हणायचं नाही. मी सूटकेस धरून त्यांच्या दारात उभी होते. विमानतळावरून मला घेऊन आलेल्या मुलाने गाडी वळवलीसुद्धा होती. घाबरून मी "नमस्कार काकू" म्हणाले होते.

"काकू व्हायला नवरा लागतो," त्या म्हणाल्या. "तो मी केला नाही. मावशी म्हण. त्याला फक्त तुझ्या आईची परवानगी लागते. पत्र लिहून विचारून घे."

मी खरंच लिहून विचारलं. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून उत्तर वडिलांनी लिहिलं: मावशी म्हणायला आईची ना नाही, त्यांना आमचा नमस्कार सांग. ते पत्र यायला जवळजवळ महिना लागला. तोवर मी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. काही हवं असलं की त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायची. त्या थट्टा करत होत्या की काय, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं.

त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. मूळच्या नागपूरच्या, वय चोपन्न. डेट्रॉइटजवळ ट्रॉयला त्यांचं घर होतं आणि त्याच्या बेसमेंटमध्ये मी राहायला आले होते. ही ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. मी बार्शीच्या एका शिंप्याची मुलगी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी एकदम संख्याशास्त्रात एम.एस. करायला मिशिगनला आले होते. हे कसं जमलं ते मलाच नीट कळलं नव्हतं. कुठेतरी कुणाची तरी चूक झाली आहे आणि ती एक दिवस त्यांच्या लक्षात येणार, असं मला सारखं वाटे. पासपोर्ट उशीखाली ठेवून मी झोपत असे.

बेसमेंटमध्ये थंडी फार. भिंतीवर हीटर वाढवायचं बटण होतं, पण ते माझं नाही असं धरून मी स्वेटर, त्यावर कोट, त्यावर चादर अशी अभ्यासाला बसायची. नोव्हेंबरात एकदा मावशी खाली आल्या, त्यांनी मला बघितलं आणि बटण फिरवलं.

"थंडी वाजून राहिली तर सांगत काहून नाही?"

"तेवढी नाही वाजत."

"तुझे ओठ निळे आहेत. मी डॉक्टर आहे, मला निळं दिसतं."

पहाटे साडेचारला त्या उठत. ऑपरेशनं सातला सुरू होत, त्याआधी प्रत्येक पेशंटशी बोलायला त्या जात. जाताना मला विद्यापीठात सोडत, पावणेसहाला. लायब्ररी आठला उघडायची. मधले सव्वादोन तास मी एका वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत बसून काढायची, कारण तिथे ऊब असे. हे मी त्यांना वर्षभर सांगितलं नाही. संध्याकाळी साडेचारला जेवण. आमटी, भात, एखादी भाजी. जेवताना वर्तमानपत्र. आणि पाच वाजता, बर्फ असो की ऊन, त्या गॅरेजमध्ये जात.

गॅरेजमध्ये ती गाडी होती.

मसल कार म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साठच्या दशकात इथल्या कारखान्यांनी साध्या दोन दारांच्या गाड्यांत अवाढव्य इंजिनं बसवली. त्यांतल्या काही, डावीउजवीकडे वळणं असलेल्या ट्रॅकवर शर्यतीत धावल्या, मग जुन्या होऊन मागे पडल्या. पंधरा-वीस वर्षांनी हौशी लोकांनी त्या शोधून काढल्या, पुन्हा उभ्या केल्या आणि पुन्हा पळवायला लागले. मावशींची एकोणसत्तर सालची. त्यांनी ती खोक्यांतून आणली होती. एका पेशंटला भूल देताना त्याने सांगितलं होतं की माझी गाडी सोळा खोक्यांत पडली आहे, ती जोडायला कुणी तयार नाही. तो बरा झाल्यावर मावशींनी खोकी विकत घेतली.

"मी रोज माणसांना झोपवते आणि परत उठवते," त्या म्हणायच्या. "ही तर नुसती गाडी आहे बाप्पा."

उठवायला त्यांना सहा वर्षं लागली. रंग दिला तो ऑपरेशन थिएटरच्या पडद्यांचा हिरवा. इंजिन चालू असताना त्या स्टेथोस्कोपच्या टोकाला लोखंडी सळई लावून ते निरनिराळ्या जागी टेकवत आणि डोळे मिटून ऐकत. मी आत आले तर बोट वर करून मला थांबवत. एकदा मी तशी अकरा मिनिटं उभी होते.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मावशी पांढरी सुती साडी नेसून येत, आणि त्यांच्या नखांत काळं तेल असे. मंडळात निम्मे पुरुष गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनिअर. त्यांतले एक काका त्यांना दरवर्षी चिडवत.

"काय डॉक्टर, आम्ही दिवसभर गाड्या बनवून कंटाळतो. तुम्ही घरी येऊन परत तेच?"

"तुम्ही कंटाळून बनवता हे गाडीत बसलं की कळतं," मावशी म्हणाल्या आणि मोदक घेतला.

काकूंच्या घोळक्यात त्यांच्याविषयी बोललं जाई. मी त्यांच्याकडे राहते म्हणून मला बाजूला घेऊन विचारत. मावशी रात्री किती वाजता घरी येतात, स्वयंपाक कोण करतं, गाडीवर एवढं प्रेम म्हणजे मनाला काही लागलंय का. मी "माहीत नाही" म्हणत राहायची, आणि मग घरी येऊन वाटायचं, मी त्यांची बाजू घ्यायला हवी होती.

एकदाच त्यांनी स्वतःहून कारण सांगितलं. मी त्यांच्या शर्यतीच्या पोशाखाच्या बाह्या आखूड करत होते. आग लागली तर अंग वाचावं म्हणून तो जाड, विशिष्ट कापडाचा असतो, आणि बाजारात फक्त पुरुषांच्या मापाचा मिळे. मावशी पाच फूट. मी दोन संध्याकाळी बसून बाह्या आणि पाय नीट शिवून दिले. त्यांनी टाके उलटून बघितले आणि विचारलं, "दोरा कोणता?"

"साधाच. तुमच्या डब्यातला."

"कापड जळणार नाही, पण दोरा जळेल. मग बाही कुठे जाईल?"

मी सगळं उसवलं. त्यांनी न जळणारा दोरा टपालाने मागवला आणि मी पुन्हा शिवलं. त्या समोर स्टुलावर बसून बघत होत्या. तेव्हाच बोलल्या. "थिएटरमध्ये माझा चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काही घडलं नाही तो. तीस वर्षं मी काही घडू नये म्हणून टेबलाच्या टोकाशी बसून राहिली आहे. गाडीत बसते तेव्हा काहीतरी घडावं असं वाटतं. चांगलं काहीतरी." मग म्हणाल्या, "हा टाका तिरपा गेला."

कामाची एक पद्धत त्यांनी थिएटरमधून जशीच्या तशी गॅरेजात आणली होती. पोट शिवून बंद करण्याआधी नर्स कापसाच्या घड्या मोजतात, एखादी आत राहू नये म्हणून. तसं इंजिन उघडण्याआधी भिंतीवरच्या फळ्यावर दोन आकडे लिहायचे: हत्यारं किती, फडकी किती. इंजिनाचं झाकण परत लावण्याआधी दोघींनी मोठ्याने मोजायचं. आकडा जुळला तरच बंद करायचं. हत्यारं त्या मोजत. फडकी मी. गॅरेजवाले वापरतात ती लाल सुती फडकी, हातरुमालापेक्षा थोडी मोठी, चारी कडा शिवलेल्या. दर वेळी बारा.

मला ते मोजणं आवडायचं. त्या घरात मी निश्चितपणे बरोबर करू शकते असं ते एकच काम आहे, असं मला वाटे.

त्या वर्षी मावशींचा शर्यतीचा परवाना पक्का व्हायचा होता. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा नियम असा की नवशिक्याने एका मोसमात तीन शर्यती शेवटपर्यंत पुऱ्या करायच्या आणि पंचाची सही घ्यायची. दोन झाल्या आणि मोसम संपला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीपासून. आदल्या वर्षी त्यांच्या दोन झाल्या होत्या आणि तिसरीत गिअरबॉक्स गेला होता. या वर्षीही दोन झाल्या होत्या. तिसरी सप्टेंबरअखेर, मोसमातली शेवटची. एका पंचाने त्यांना वय विचारलं होतं, आणि पुढच्या वर्षी नव्या लोकांना वयाची अट घालायचा विचार चालू आहे असंही सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं. मावशी हसल्या नव्हत्या.

शर्यत रविवारी होती. आदल्या गुरुवारी इंजिनातून तेल पाझरताना दिसलं. ते इंजिन इंग्रजी व्ही अक्षरासारखं असतं, दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर आणि मधे घळ. घळीवर जड झाकण. त्या झाकणाखालचं पॅकिंग बदलायचं होतं. झाकण काढलं की सिलिंडरकडे जाणारी तोंडं उघडी पडतात, आणि घळीच्या तळाला तेल खाली परत जाण्याची भोकं. त्यांत कचरा पडू नये म्हणून सगळीकडे फडकी कोंबायची. मी कोंबली. मावशींनी जुनं पॅकिंग खरवडलं, मी पुसत गेले, खरवडलेला चुरा कागदात गोळा करून टाकला. मग फडकी काढली.

"हत्यारं एकोणीस," मावशी म्हणाल्या. "फडकी?"

मी खोक्यात टाकत मोजली. "बारा."

"नक्की?"

"बारा, मावशी."

झाकण बसलं. इंजिन चालू झालं. तेल पाझरायचं थांबलं होतं. मावशींनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मान हलवली.

ट्रॅक तीन तासांवर होता. समोरच्या घरातला एक म्हातारा गोरा शेजारी, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, त्याच्या ट्रकमागे गाडी ओढून न्यायचा आणि दिवसभर सोबत थांबायचा. तो मावशींना 'डॉक' म्हणे आणि मला 'किड'. सकाळी सराव झाला. मावशी आठ फेऱ्या मारून आल्या, तेलाचा दाब उत्तम होता. हेल्मेट काढल्यावर त्यांचे केस डोक्याला चिकटले होते आणि त्या अशा हसत होत्या की मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी दीडला शर्यत. गाड्या रांगेत लावायला बोलावलं. मावशी गाडी घेऊन गेल्या, शेजारी त्यांच्यासोबत चालत गेला, आणि जाताना मला म्हणाला, काच पुसायला फडकं घेऊन ये. मी ट्रकपाशी जाऊन खोक्यातून वरचं फडकं उचललं.

शिंप्याच्या मुलीला कापडाची कड बघावी लागत नाही, बोटाला कळते. या फडक्याच्या तीन कडा शिवलेल्या होत्या. चौथी फाटलेली होती, सरळ, धाग्याच्या रेषेत. आणि ते अर्धं होतं.

मग मला आठवलं. गुरुवारी पुसताना मला लहान तुकडा हवा होता. अख्खं फडकं खराब करायचं माझ्या जिवावर आलं. आमच्या दुकानात कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. कड दातांनी तोडून, मधोमध सरळ फाडायचं, हे मी पाचव्या वर्षापासून करते. विचार न करता मी एका फडक्याची दोन केली होती. म्हणजे मोजताना तेरा यायला हवे होते. माझे बारा आले, आणि बारा आले म्हणून मला बरं वाटलं होतं.

मी खोकं ट्रकच्या फळीवर उपडं केलं. अकरा पूर्ण. एक अर्धं माझ्या हातात. दुसरं अर्धं कुठेच नव्हतं.

ते इंजिनात असू शकत होतं. घळीच्या तळाशी, भोकांवर. गाडी जोरात पळायला लागली की तेल वर साठेल, खाली उरणार नाही, आणि इंजिन एका क्षणात जाम होईल. मागची चाकं अडकतील. दीडशे मैलांच्या वेगात चाकं अडकली की काय होतं ते मावशींनीच मला एकदा सांगितलं होतं, शांतपणे, मिसळणाच्या डब्यातली हळद चमच्याने सारखी करत.

किंवा ते गुरुवारीच कागदासोबत कचऱ्यात गेलं असेल. बाकाखाली पडलं असेल. सकाळी आठ फेऱ्यांत काहीच झालं नव्हतं. दाब उत्तम होता. मी तिथे उभी राहून स्वतःला हे सगळं सांगत होते. मी संख्याशास्त्र शिकत होते, आणि शक्यता किती हे मला काढता येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की सांगितलं तर त्यांची शर्यत जाईल, आणि नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. त्या 'कदाचित'चा मला मोह पडला होता. किती वेळ ते आठवत नाही. पाच मिनिटं उरल्याची शिट्टी झाली तेव्हा मी पळायला लागले.

मावशी गाडीत पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या, हेल्मेट घातलेलं, इंजिन चालू. मी खिडकीशी वाकून ओरडले, पण त्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नव्हतं. मी अर्धं फडकं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं.

"मी गुरुवारी एक फाडलं होतं," मी म्हणाले. "दोन केली. मोजताना एक कमी होतं. बारा नव्हते."

"दुसरं अर्धं?"

"सापडत नाही."

"आत आहे याची खात्री आहे?"

"नाही."

"बाहेर आहे याची?"

"नाही."

शेजाऱ्याने काय चाललंय ते विचारलं. मावशींनी इंग्रजीत दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "डॉक, सकाळी दाब घड्याळासारखा होता. आत काही असतं तर तेव्हाच कळलं असतं. जा तू."

मावशी समोर बघत होत्या. समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर ऊन पडलं होतं. मग त्यांनी पट्ट्यांचा खटका दाबला.

आम्ही तिघांनी गाडी रांगेतून ढकलत बाहेर काढली. मागच्या गाड्या पुढे सरकल्या आणि त्यांची जागा भरून गेली. ट्रकपाशी आल्यावर मावशींनी पोशाखाच्या बाह्या कमरेला बांधल्या आणि हत्यारं काढली. झाकण तापलेलं होतं. शर्यत सुरू झाल्याचा आवाज आला. दर फेरीला सगळ्या गाड्या आमच्या मागच्या कुंपणापलीकडून जायच्या, जमीन थरथरायची, मग आवाज लांब जायचा. मी हत्यारं हातात देत होते आणि नको असताना फेऱ्या मोजत होते. अकराव्या फेरीला झाकण सुटलं.

देवाकडे मी तोवर परीक्षा, व्हिसा, वडिलांची तब्येत असं बरंच मागितलं होतं. त्या दिवशी मी एक चिंधी मागितली. आत असू दे, म्हणाले. काळी, तेलाने भिजलेली, कशीही.

मावशींनी आणि शेजाऱ्याने झाकण उचलून बाजूला ठेवलं. घळ स्वच्छ होती. भोकं मोकळी. मावशींनी बॅटरी घेऊन प्रत्येक तोंडात बघितलं, तार घालून भोकं तपासली, खालचं तेल एका भांड्यात काढून चाळलं. काही नव्हतं.

"देअर्स नथिंग हिअर, डॉक," शेजारी हळूच म्हणाला.

"आय कॅन सी," मावशी म्हणाल्या.

थोड्या वेळाने तो वय विचारणारा पंच वही घेऊन आला. भाग न घेण्याचं कारण लिहायचं होतं. इंजिनात बिघाड का, त्याने विचारलं. उघडं इंजिन समोर होतं, हो म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. मावशी म्हणाल्या, "नाही. इंजिन ठीक आहे. खात्री नव्हती." त्याने तसं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वाचून बघितलं.

परतीच्या तीन तासांत मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. सोमवारी पहाटे त्या मला न घेताच गेल्या. मी बस शोधून गेले. संध्याकाळी मी वर जेवायला गेले नाही, त्यांनी बोलावलंही नाही. खाली ब्रेड होता. वरून त्यांच्या पावलांचा आवाज येई, पाच वाजताही गॅरेजचं दार वाजत नसे. मंगळवारी मी गॅरेजात एकटीने जाऊन बाकाखाली, खोक्यांमागे, सगळीकडे शोधलं. कचऱ्याची गाडी शुक्रवारीच येऊन गेली होती. बुधवारी मी सूटकेस भरली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. काढून टाकण्याआधी आपण तयार असावं, एवढंच होतं.

बुधवारी सहाच्या सुमाराला मावशी जिना उतरून आल्या आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर बसल्या.

"कुठे चालली?"

"माहीत नाही."

"माहीत नसताना बॅग भरून राहिली?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मला राग आला आहे," त्या म्हणाल्या. "खूप. मोजणारीवर ओरडायचं नसतं. थिएटरमध्ये मी बघितलं आहे. एकदा का ओरडलं, की पुढच्या वेळी ती आपल्याला हवा तोच आकडा सांगते. म्हणून मी तीन दिवस तोंड बंद ठेवलं. ओरडण्याशिवाय दुसरं काही निघालं नसतं."

"मी सांगायला नको होतं का?"

इतर कुणीही लगेच "छे, बरंच केलंस" म्हणालं असतं. त्या विचार करत राहिल्या. हीटरचा पंखा सुरू होऊन बंद झाला तरी त्यांचा विचार चालूच होता.

"सांगायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "हे मला डोक्याने कळतं. राग त्याच्याच बाजूला येऊन बसला आहे. अजून मला ते दोन वेगळे करता येऊन नाही राहिले. शुक्रवारपर्यंत येतील असं वाटते. तोवर जेवायला वर ये. ब्रेड खाऊ नको. पण माझ्याशी बोलू नको, मीही बोलणार नाही." उठताना त्या म्हणाल्या, "बॅग उघड. इस्त्री मोडते."

गुरुवारी मी साडेचारला वर गेले. ताट वाढलेलं होतं. मावशी वर्तमानपत्र वाचत जेवल्या, मी खाली बघून जेवले. आमटी अळणी होती. शुक्रवारीही तीच आमटी, गरम केलेली. मी अर्धा भात संपवला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बोल."

पाच दिवस मी मनात काय काय जुळवलं होतं. त्यातलं काहीही आठवेना.

"आमटी चांगली झाली आहे," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मीठ नाही तिच्यात," मी म्हणाले.

"कालही नव्हतं?"

"कालही नव्हतं."

"आणि तू दोन दिवस खाल्ली."

"तुम्हीच म्हणालात बोलू नको."

त्यांनी चमचाभर आमटी तोंडात घेतली आणि तोंड वाकडं केलं. रागात त्यांना चवच लागली नव्हती. मग त्या हसायला लागल्या, आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि मला रडू आलं, ते त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. उठून त्यांनी ओट्यावरून मिठाची बरणी आणली, माझ्यापुढे ठेवली आणि पुढच्या मोसमातली पहिली शर्यत कोणत्या रविवारी आहे ते सांगितलं.